आतल्या कडेची झीज

माझं निम्म्याहून जास्त आयुष्य गाड्यांच्या खाली गेलं. रस्त्यात कुणी हात केला तर मला त्याचं नाव आठवत नाही, पण त्याच्या सायलेन्सरला मी कुठे वेल्डिंग केलंय ते लगेच आठवतं. लग्नाकार्यात लोक जेवणाच्या पंगतीत असतात आणि मी पार्किंगमध्ये वाकून कुणाच्या तरी गाडीच्या पोटाकडे बघत असतो, अशी माझ्या बायकोची तक्रार आहे. ती खरी आहे.

मल्लेश्वरमच्या मागच्या अंगाला आमचं छोटं गॅरेज आहे. आडनाव जाधव, पण पिढ्यान् पिढ्या बेंगळुरात राहून नावापुढे राव लागला आणि गल्लीत मी रावअण्णा झालो. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड आणि गाडीखाली दोन्ही, अशी आमची भाषा. आता शटर माझी मुलगी सुजाता उघडते. ऑटोमोबाइलचा डिप्लोमा करून ती माझ्यासोबत कामाला लागली, आणि कॉम्प्युटरवर चाकांची अलाइनमेंट बघायचं काम पूर्ण तिचंच. मी जेवणाच्या वेळेपर्यंत असतो, मग घरी जातो. दिवाळी अंकासाठी लिहा म्हटल्यावर मला आधी पाण्यात बुडालेली इंजिनं आणि चिडलेली गिऱ्हाइकंच आठवली. पण लिहायला बसल्यावर मनात पुन्हा पुन्हा आला तो रबराचा एक तुकडा.

त्याला बुश म्हणतात. गाडीचं चाक सांगाड्याला थेट जोडलेलं नसतं, मध्ये लोखंडी दांडे असतात. आम्ही त्यांना आर्म म्हणतो. खड्डा आला की चाक वर जातं, आर्म सांध्यातून फिरतो आणि आत बसलेल्याला फक्त हलका धक्का कळतो. या सांध्यात लोखंडावर लोखंड घासू नये म्हणून रबरी नळकांडं बसवतात. बाहेर लोखंडी कडं, मध्ये जाड रबर, आत बोल्ट जाण्यापुरती नळी. कॉफीच्या छोट्या पेल्याएवढी वस्तू. काही वर्षांनी रबर कडक होतं, त्याला चिरा पडतात, मग ते फाटतं. फाटलं की आर्मला नको तेवढी मोकळीक मिळते. गाडी उभी असताना चाक सरळ दिसतं, पण ब्रेक दाबला किंवा वळण घेतलं की ते जरासं तिरकं होतं. तिरकं झालेलं चाक रस्त्यावर नुसतं फिरत नाही, खोडरबरासारखं घासत जातं. मग टायरची एकच कड झिजते, आणि बहुतेक वेळा ती आतली असते. बाहेरून टायर नव्यासारखा दिसतो, आतून हात फिरवला तर तळव्याला तार टोचते.

अशा झिजेची तक्रार घेऊन येणारे लोकही नाना तऱ्हेचे. हेब्बाळला राहणारा एक पुण्याचा इंजिनिअर दर रविवारी चारही टायरांचे फोटो काढायचा. लॅपटॉप उघडून मला म्हणाला, "काका, तुम्ही फक्त डेटा बघा." मी तेव्हा मनातल्या मनात हसलो होतो. पण त्या फोटोंवरून झीज नेमकी कुठल्या आठवड्यात सुरू झाली ते कळलं, आणि त्या आठवड्यात त्याने गाडी खड्ड्यात आपटली होती. दुसरे एक म्हातारे गृहस्थ टायर डावीकडून झिजतो म्हणून स्वतः उजवीकडे सरकून बसायचे. त्यांना समजावण्यात माझे दोन शनिवार गेले.

बुश बदलायचं काम अवघड नाही. फक्त एक नियम पाळावा लागतो. गाडी लिफ्टवर असते तेव्हा चाकं खाली लोंबत असतात. तशा अवस्थेत बोल्ट पक्का आवळला तर गाडी जमिनीवर येताच आर्म वर सरकतो आणि आतलं रबर पिळलं जातं. ओल्या कपड्याला पीळ देऊन तसाच ठेवावा, तसं ते रात्रंदिवस पिळलेलंच राहतं आणि वर्षभरात फाटू लागतं. म्हणून बोल्ट आधी सैल ठेवायचा, गाडी तिच्या चाकांवर उतरवायची, दोन-चार वेळा दाबून बसू द्यायची आणि मग गॅरेजच्या जमिनीतल्या खड्ड्यात, गाडीखाली उतरून शेवटचं आवळायचं. ते झालं की मी बोल्टवर पिवळ्या मार्करने एक रेघ ओढतो. रेघ दिसली म्हणजे काम पुरं झालं. माझ्या हाताखाली शिकून गेलेल्या प्रत्येकाला मी हे इतक्या वेळा सांगितलं, की मला बघून लोक आधी रेघेचीच नक्कल करायचे. मला त्याचा अभिमान वाटायचा.

कावेरी टीचर माझ्याकडे बरीच वर्षं गाडी आणत होत्या. इलेक्ट्रॉनिक सिटीच्या पलीकडे ऐकू न येणाऱ्या मुलांची एक शाळा आहे, तिथे त्या शिकवतात. वय पंचेचाळीसच्या आसपास, बोलणं कमी, पण बोलताना हात मात्र सारखे चालू. त्यांचं घर आमच्यासारखंच, जुन्या मराठी वस्तीतलं. पांढरी सेडान होती. सकाळी मल्लेश्वरमहून निघायचं, वाटेत शाळेतल्या तीन शिक्षिकांना घ्यायचं, उंच पुलावरून थेट पलीकडे उतरायचं आणि संध्याकाळी तसंच परत, हा त्यांचा नेम. त्या तिघींतल्या दोघींच्या घरापासून धड बस नाही. टीचरांची गाडी होती म्हणून त्यांची नोकरी सुरळीत चालली होती.

या गाडीचे मागचे बुश मी स्वतः बदलले होते. त्यानंतर वर्षभरानं टीचर तक्रार घेऊन आल्या की मागचे दोन्ही टायर आतून झिजलेत. मी बघितलं, डावा जास्त गेला होता. सुजाताने गाडी मशीनवर घेतली. चाक जरासं बाहेर होतं, ते सरळ केलं, पडद्यावर सगळे आकडे हिरवे झाले. नवे टायर बसले. पाच-सहा महिन्यांत टीचर परत आल्या, तीच तक्रार. परत मशीन, परत हिरवे आकडे.

तेव्हा सुजाता म्हणाली होती, की अप्पा, बुश एकदा बघू या का. मी म्हटलं, ते नवे आहेत, मी बसवलेत. तिथेच विषय संपला. मग मी टीचरांना विचारलं, गाडी लावताना फूटपाथला घासते का? वळणावर जोरात घेता का? त्या विचारात पडल्या. म्हणाल्या, शाळेपाशी जागा अरुंद आहे, कधी घासली असेल, आठवत नाही. मी मान हलवली आणि म्हटलं, "तेच असणार. स्वल्प जपून चालवा." त्या 'सरी अण्णा', बरं, म्हणून गेल्या. माझा हा निष्कर्ष त्यांनी घरी सांगितला, शाळेत सांगितला. पुढे तो त्यांना किती महाग पडला ते मला नंतर कळलं.

तिसऱ्या वेळी त्या आल्या नाहीत, फोन आला. तो त्यांच्या नवऱ्याचा, सुरेशचा होता. सकाळी शाळेला जाताना उंच पुलावर मागचा डावा टायर फुटला होता. गाडीत चौघी. मागून गाड्यांची रांग. टीचरांनी ब्रेकवर पाय ठेवला नाही, स्टिअरिंग घट्ट धरून गाडी सरळ जाऊ दिली, वेग आपोआप कमी झाल्यावर कडेला घेतली. कुणाला खरचटलंही नाही. टायरची आतली बाजू चिंध्या झाली होती. गाडी उचलून माझ्याकडे पाठवतोय असं सुरेश म्हणाला. पुढे आवाज खाली आणून त्याने एक विनंती केली.

सुरेश बँकेत कामाला, भिडस्त माणूस. त्याचं म्हणणं असं, की कावेरीची चालवायची पद्धत चुकते, तुम्ही स्वतः सांगितलं होतं. आज चौघी वाचल्या, उद्याचं कोण सांगणार. गाडी विकू म्हटलं तर ती गप्प बसते. "अण्णा, तुमच्या शब्दाला ती मान देते. ड्रायव्हिंग सोड म्हणून तुम्हीच सांगा. ती ऐकेल." तो दुष्टपणाने बोलत नव्हता. घाबरला होता. मी गाडी बघून सांगतो म्हणालो.

गाडी आली. मागचे दोन्ही टायर नवे चढवून सुजाताने ती मशीनवर घेतली. आकडे परत हिरवे. त्या हिरव्या आकड्यांवर मला पहिल्यांदा शंका आली. चौघींना घेऊन चाललेल्या गाडीचा टायर तीनदा एकाच जागी झिजतो आणि मशीन म्हणतं सगळं ठीक. मशीन उभी गाडी मोजतं. उभ्या गाडीचं चाक सरळच असतं.

मग जे मी पहिल्याच वेळी करायला हवं होतं ते केलं. गाडी खड्ड्यावर घेतली, टॉर्च घेऊन खाली उतरलो. सुजाताला आत बसवलं, हँडब्रेक ओढायला लावला आणि रिव्हर्स टाकून क्लच किंचित सोडायला सांगितलं. पुढची चाकं गाडी मागे ढकलतात, मागची चाकं ब्रेकने धरलेली असतात, त्यामुळे सगळा जोर मागच्या सांध्यांवर येतो. तिने क्लच सोडला आणि माझ्या डोळ्यांसमोर डावं मागचं चाक सरकलं. अर्ध्या पेराएवढं. क्लच दाबला की जागेवर, सोडला की परत तिरकं. रबर कड्यापासून सुटून अर्धचंद्रासारखं उघडत होतं. दोन वर्षांत बुश एवढा कसा फाटला, म्हणून मी टॉर्च बोल्टवर नेला.

बोल्टवर रेघ नव्हती.

उजवीकडे बघितलं, तिथेही नव्हती. खालच्या इतर सगळ्या बोल्टांवर माझ्या हातच्या पिवळ्या रेघा होत्या, धुळीने मळलेल्या पण होत्या. फक्त या दोन बोल्टांवर नव्हत्या. आणि मला तो दिवस आठवला. खड्ड्यावर दुसरी गाडी उघडून ठेवलेली होती, म्हणून मी हे काम लिफ्टवर घेतलं होतं. दुपारी भाचीचा साखरपुडा होता. बायकोचे फोन येत होते. आता लिफ्टवरच आवळून ठेवतो, गाडी खाली आली की परत सैल करून नीट आवळीन असं ठरवलं होतं. गाडी खाली आली, मी हात धुतले, शर्ट बदलला आणि साखरपुड्याला गेलो. संध्याकाळी टीचर येऊन गाडी घेऊन गेल्या.

मार्कर माझ्या खिशात होता. हे मी आजवर फक्त बायकोला सांगितलंय, आता इथे लिहितो. हात खिशात गेला होता. दोन रेघा ओढायला किती वेळ लागतो. वरून सुजाताने विचारलं, "अप्पा, काय दिसतं?" तिने परत विचारलं. फाटलेला बुश बघून कुणीही म्हणालं असतं, आपल्या रस्त्यांवर रबर टिकतच नाही. सुरेशला हवं तेच मी सांगितलं असतं आणि टीचरांनी गाडी विकली असती. कुणालाच कळलं नसतं. पण पुलावर स्टिअरिंग धरून बसलेली ती बाई माझ्यावर विश्वास ठेवून स्वतःला दोष देत होती. ते आठवलं आणि मी हात बाहेर काढला.

"खाली ये," मी सुजाताला म्हटलं. ती खड्ड्यात उतरली. मी टॉर्च तिच्या हातात दिला. तिने चाक बघितलं, रबर बघितलं, मग बोल्ट. बराच वेळ बघितला. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "त्यांना तुम्ही सांगणार की मी?"

"मी."

शनिवारी सकाळी दोघं नवरा-बायको आले. टीचर आधीच्या तीन दिवसांत बसने शाळेला गेल्या होत्या, दोन बस बदलून. तिघींपैकी एकीच्या नवऱ्याने तर तिला सांगून टाकलं होतं, की आता त्या गाडीत बसायचं नाही. टीचर गॅरेजमधल्या बाकावर बसल्या तेव्हा त्यांचे हात मांडीवर स्वस्थ पडलेले होते. मला त्यांचे हात स्वस्थ असलेले कधी माहीत नव्हते. सुरेश माझ्याकडे आशेने बघत होता.

मी काढलेले दोन बुश टेबलावर ठेवले. बोट घालून आतली नळी हलवून दाखवली, ती बाटलीच्या सैल बुचासारखी डोलत होती. तीन वाक्यांत झालेलं सांगितलं. टायर या बुशमुळे झिजला. बुश मी चुकीचा आवळला म्हणून फाटला. दुसऱ्या वेळी तुम्ही आलात तेव्हा तपासला असता तर कळलं असतं, पण माझं काम चुकूच शकत नाही असं मी धरून चाललो.

टीचरांनी एक बुश उचलला. फिरवून फिरवून बघितला. मग विचारलं, "म्हणजे मी फूटपाथला घासत नव्हते?"

"नाही."

"एकदाही नाही?"

"घासलीही असेल एखाद वेळी. पण टायर त्याने गेला नाही. फुटल्यावर तुम्ही गाडी ज्या तऱ्हेने थांबवलीत ती मला जमली असती की नाही, सांगता येत नाही."

त्यांनी बुश खाली ठेवला. डोळे भरले होते, पण रडल्या नाहीत. सुरेशला म्हणाल्या, "ऐकलंत ना?" त्याने मान हलवली, मग पाणी आणतो म्हणून बाहेर गेला आणि पाणी बाटलीत असूनही पाच मिनिटं आला नाही.

तो बाहेर असताना टीचर मला म्हणाल्या, "अण्णा, तुम्ही सांगितलं नसतं तर मला कधी कळलं असतं का?"

"नसतं."

"आणखी काही सांगायचं राहिलंय?"

मी तेव्हा मार्करचं सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. एवढी हिंमत त्या दिवशी उरली नव्हती. त्या रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्या रागावल्या नाहीत. काम कधी सुरू करता, मला बघायचंय, एवढंच म्हणाल्या.

त्यांनी सगळं काम खड्ड्याच्या काठावर स्टूल टाकून बघितलं. आर्म आधीच काढलेले होते, मी ते प्रेसवर घेऊन नवे बुश खुणेला खूण जुळवून आत दाबले. आर्म जागेवर चढवले, बोल्ट सैलच ठेवले. प्रत्येक पायरीला मी काय करतोय ते सांगत होतो, आणि टीचरांचे हात आता हलायला लागले होते, कुणाला तरी समजावून सांगत असल्यासारखे. गाडी चाकांवर उतरवली. सुरेशने डिकीवर दोन्ही हात ठेवून ती चार-पाच वेळा दाबली, नीट बसू दिली. शेवटचं आवळणं मी सुजाताला दिलं. त्या दिवशी माझा माझ्या हातावर विश्वास नव्हता. तिने टॉर्क पान्याने ठरल्या जोरापर्यंत आवळलं, पान्याचा खटका वाजला, तिने दोन रेघा ओढल्या. मग क्लचची तीच परीक्षा परत केली. मी खाली उभा राहून बघितलं. चाक जागचं हललं नाही. त्यानंतर मशीनवर आकडे घेतले. परत हिरवे, पण आता त्यांना अर्थ होता.

मला वाटलं, झालं. पण टीचर गाडी न्यायला तयार होईनात. किल्ली हातात घेऊन उभ्या राहिल्या आणि सुरेशला म्हणाल्या, तुम्ही चालवा. पुढचे दहा-बारा दिवस गाडी त्यांच्या दारात उभी होती आणि त्या बसने जात होत्या. ते ऐकून मला जेवण गोड लागेना. दुरुस्त केलेली गाडी कुणी चालवत नाही, तर मी काय दुरुस्त केलं?

एका रविवारी सकाळी त्यांचा फोन आला. म्हणाल्या, पुलावरून एकदा जाऊन यायचं आहे, तुम्ही बरोबर येता का? मी लगेच निघालो. सुरेश पुढे बसला. मी मागे डावीकडे बसलो, त्या चाकाच्या बरोबर वर. तिथे बसलं की सांध्यातला बारीकसा आवाजही कळतो. खोटं कशाला बोलू, मीही घाबरलो होतो. छातीवरचा पट्टा मी दोनदा ओढून बघितला.

सिल्क बोर्डच्या चौकातून तो पूल सुरू होतो. पुलावर चढताना टीचरांनी गाडी इतकी हळू घेतली की मागच्याने हॉर्न दिला. मी कान चाकाला लावून बसलो होतो. पुलाचे सांधे आले की दोन ठोके, पुढच्या चाकाचा आणि मागच्या चाकाचा, स्वच्छ, मध्ये घरघर नाही की करकर नाही. अर्ध्या वाटेवर टीचर म्हणाल्या, "इथे फुटला होता." मी बाहेर बघितलं. कठडा, दिव्याचा खांब, खाली झाडांचे शेंडे. चौघींची गाडी या कठड्याशेजारी उभी असेल, हे मी तोवर डोळ्यांसमोर आणलं नव्हतं. टीचरांनी वेग कमी केला नाही, उलट थोडा वाढवला. पलीकडे उतरून त्यांनी गाडी एका दर्शिनीपाशी, उभ्याने खायच्या हॉटेलापाशी थांबवली. आम्ही तिघांनी उभ्याने इडली खाल्ली. सुरेश मला म्हणाला, ही चांगली चालवते हो. मी म्हटलं, हे मला नको, त्यांना सांगा. त्याने सांगितलं, जरा लाजत. परत येताना पुलावर मी चक्क डुलकी काढली.

दुसऱ्या दिवसापासून त्या गाडीने शाळेला जाऊ लागल्या. आठवडाभर एकट्या. मग तिघींतल्या रेहाना टीचर येऊन बसल्या, मग दुसऱ्या. नवऱ्याने मनाई केलेली तिसरी सगळ्यात शेवटी आली. तिच्या नवऱ्याने आधी मला फोन करून सगळं विचारून घेतलं. टीचरांना सांगितलं होतं तेवढं सगळं मी त्यालाही सांगितलं. पहिल्या वेळेइतकं जड गेलं नाही.

खरी परीक्षा मात्र टायरची होती. बुश नीट बसला की नाही हे पाच हजार किलोमीटर झाल्याशिवाय टायर सांगत नाही. त्या चार महिन्यांत मी आणि सुजाताने दुसरं काम केलं. माझ्या हातून बुश बदलून गेलेल्या गाड्यांची नावं जुन्या डायरीतून काढली आणि एकेकाला बोलावून बोल्ट तपासले. काही जण हसले, एक जण चिडला. सगळीकडे रेघा होत्या. चूक त्या एकाच गाडीत झाली होती. हे कळलं तेव्हा मला हलकं वाटलं, आणि त्याच वेळी वाईटही वाटलं, की नेमकी तीच गाडी का, जिच्यात चौघी बसायच्या. गॅरेजमध्ये आता सुजाताने नियम केलाय, की रेघ आवळणाऱ्याने ओढायची नाही, दुसऱ्याने तपासून ओढायची. माझ्या कामावरही ती खाली उतरून बघते. सुरुवातीला मला ते लागलं. आता तिला टॉर्च मीच देतो.

टीचर आल्या त्या शाळा सुटल्यावर, शनिवारी दुपारी, चौघी एकदमच. मी घरी जायचा थांबलो होतो. बाकीच्या तिघी बाकावर बसल्या. गाडी लिफ्टवर गेली. टायरची खोली मोजायला आमच्याकडे बोटाएवढं साधन असतं, त्याची सुई खाचेत घातली की किती मिलिमीटर रबर उरलंय तो आकडा कळतो. तीन जागी मोजायचं, बाहेर, मध्ये आणि आत. झीज सारखी असेल तर तिन्ही आकडे जवळजवळ सारखे येतात. आधीच्या टायरांना आत काहीच उरलेलं नसायचं.

मी आधी तळहात फिरवला. आतली कड गुळगुळीत नव्हती, टोचतही नव्हती. सुई घातली. सुजाताने टॉर्च धरला. टीचर माझ्या खांद्याजवळ वाकून उभ्या होत्या.

मी मोठ्याने वाचलं. बाहेर सात पॉइंट दोन. मध्ये सात पॉइंट एक. आत सात पॉइंट दोन. मग उजवं चाक, तिथेही तसंच.

टीचर सरळ उभ्या राहिल्या. बाकावरच्या तिघींकडे वळून त्यांनी ते आकडे हातांनी सांगितले. शाळेची सवय, त्या तिघींना ऐकू येत होतं तरी. तिघींनीही हातांनीच काहीतरी उत्तर दिलं आणि हसल्या. मला ती भाषा येत नाही.

मग टीचर परत माझ्याकडे वळल्या.

"अण्णा, डाव्या चाकाचं परत एकदा वाचा."

मी सुई परत आतल्या खाचेत घातली आणि सावकाश, एकेक आकडा परत वाचला.